डिझेलवरील कर आणि मुंबई हायचे तेल : नेर तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने एक विवेचन

सारांश :
इंधनावरील करांचा वाद आणि देशातील खनिज तेलाच्या वापराचा वाद हे सामान्यतः दोन स्वतंत्र विषय मानले जातात. वस्तुतः तेलापासून मिळणारे उत्पन्न कोणाकडे जाते आणि ते कशासाठी खर्च होते, या एकाच प्रश्नाच्या या दोन बाजू आहेत. प्रस्तुत लेखात मुंबई हायच्या तेलाची मालकी, त्यावरील उपकर, डिझेलवरील केंद्र व राज्य शासनाचे कर आणि राखीव साठ्यांचे धोरण यांचे विवेचन यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुक्याच्या संदर्भात केले आहे.

बीजशब्द : मुंबई हाय, उत्पादन शुल्क, उपकर, विभाज्य निधी, मूल्यवर्धित कर, राखीव तेलसाठा.

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्यातील नेर हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा तालुका आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथील मुख्य पिके होत. गेल्या दोन-तीन दशकांत विदर्भातील इतर भागांप्रमाणे येथील शेतीतही यंत्रांचा वापर वाढला. डवरणीसारखी कामे आजही अनेक ठिकाणी बैलजोडीने होत असली तरी नांगरणी, रोटाव्हेटर आणि सोयाबीनची मळणी यांसाठी ट्रॅक्टरवरच अवलंबून राहावे लागते. नेर शहरातून रेल्वेमार्ग जात नाही. त्यामुळे खत, बियाणे व किराणा माल येथे येतो तो ट्रकने, आणि कापूस जिनिंगला किंवा बाजार समितीत जातो तोही मालवाहू वाहनानेच. शेतकऱ्याचा प्रवास एसटीने होतो. या सर्वांना डिझेल लागते. म्हणजेच डिझेलवरील कर हा पंपावर जाणाऱ्या ग्राहकापुरता मर्यादित राहत नाही, तर पेरणीपासून विक्रीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरील खर्चात तो मिसळतो. हा वाढीव खर्च शेतकऱ्यास आपल्या मालाच्या किमतीत वसूल करता येत नाही, कारण कापसाचा भाव तो ठरवीत नाही.

त्याच वेळी महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात देशातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र आहे. स्वाभाविकपणे असा प्रश्न विचारला जातो की, आपल्या राज्यासमोर तेल निघत असताना आपल्याला डिझेल इतके महाग का? हा प्रश्न भाबडा वाटला तरी त्याचे उत्तर देशाच्या करव्यवस्थेच्या मुळाशी जाणारे आहे.

उद्दिष्टे :
१) मुंबई हायच्या तेलाची मालकी व त्यापासून मिळणाऱ्या महसुलाची विभागणी स्पष्ट करणे.
२) देशी तेलामुळे इंधन स्वस्त का होत नाही, याची कारणे पाहणे.
३) डिझेलवरील केंद्र व राज्य शासनाच्या करांची रचना समजावून घेणे.
४) राखीव साठ्यांच्या वापराविषयीच्या मतांचे परीक्षण करणे.

तेलाची मालकी :
तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ मध्ये झाली. १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्राचे सर्वेक्षण झाले. ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या खोदकाम जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इस्रायल युद्धानंतर जगात तेलाचे भाव भडकले होते. त्या पार्श्वभूमीवर या शोधाचे महत्त्व फार मोठे होते. देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन १९८०-८१ मध्ये सुमारे १ कोटी ५ लाख टन होते, ते १९९०-९१ मध्ये सुमारे ३ कोटी ३० लाख टनांवर पोहोचले. या वाढीत मुंबई हायचा वाटा प्रमुख होता.

परंतु हे तेल महाराष्ट्राचे नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९७ अन्वये प्रादेशिक जलधी, सागरमग्न भूखंड आणि अनन्य आर्थिक क्षेत्रातील खनिजे संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या मालकीची आहेत. जमिनीवरील तेलाची स्थिती वेगळी आहे. आसाम आणि गुजरात या राज्यांना त्यांच्या भूमीतून निघणाऱ्या तेलावर स्वामित्वधन मिळते. समुद्रातील तेलावरील स्वामित्वधन मात्र केंद्राच्या तिजोरीत जमा होते.

हा फरक यवतमाळ जिल्ह्यातील एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होतो. याच जिल्ह्यात वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. त्या कोळशावरील स्वामित्वधन राज्य शासनाला मिळते. शिवाय २०१५ मध्ये खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार खाणधारकास जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे अतिरिक्त रक्कम भरावी लागते आणि ती खाणबाधित भागाच्या पाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या कामांसाठी वापरण्याची तरतूद आहे. म्हणजे वणीच्या कोळशाचा काही लाभ जिल्ह्यापर्यंत पोहोचण्याची कायदेशीर वाट आहे, तर मुंबई हायच्या तेलाचा लाभ केंद्राच्या एकूण महसुलातून जेवढा वाट्याला येईल तेवढाच. समुद्रातील संपत्ती संपूर्ण राष्ट्राची असावी, हे तत्त्व योग्यच आहे. ज्या राज्यांना समुद्रच नाही, त्यांचाही तीवर हक्क आहे. पण हे तत्त्व स्वीकारले की त्या संपत्तीच्या उत्पन्नाचे न्याय्य वाटप करण्याची जबाबदारीही केंद्रावर येते.

देशी तेल स्वस्त का नाही? :
देशात निघालेले तेल देशवासीयांना स्वस्तात मिळावे, हा विचार एकेकाळी धोरणाचा भाग होता. प्रशासित किंमत पद्धतीत शासन किमती ठरवीत असे आणि तूट-वाढीचा मेळ तेल निधी खात्यातून घातला जाई. राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना १ एप्रिल २००२ पासून ही पद्धती अधिकृतपणे संपुष्टात आली. त्यानंतरही किमतींवरील प्रत्यक्ष नियंत्रण बराच काळ टिकून होते. मुरली देवरा यांच्या कारकिर्दीत जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल. १६ जून २०१७ पासून देशभर दररोज दर बदलण्याची पद्धत लागू झाली.

यातील मधल्या काळात डिझेल, केरोसीन आणि स्वयंपाकाचा गॅस कमी दराने विकल्यामुळे विपणन कंपन्यांना होणाऱ्या तुटीचा काही भाग देशी तेल उत्पादक कंपन्यांनी सवलतीच्या रूपाने सोसला. म्हणजे देशी तेलाचा फायदा काही अंशी ग्राहकापर्यंत पोहोचत होता. मात्र त्याची किंमत नव्या विहिरी आणि जुन्या क्षेत्रांचे पुनरुज्जीवन यांसाठी लागणाऱ्या भांडवलातून मोजली जात होती. नियंत्रणमुक्तीनंतर देशी कच्च्या तेलाचा भावही आंतरराष्ट्रीय बाजाराशी जोडला गेला. त्यामुळे मुंबई हायचे तेल आणि आखातातून आलेले तेल यांच्या भावात ग्राहकाच्या दृष्टीने फरक राहिला नाही.

दुसरे कारण परिमाणाचे आहे. देशाचे उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३ कोटी ८१ लाख टनांपर्यंत गेले आणि पुढे घटत २०२४-२५ मध्ये सुमारे २ कोटी ८७ लाख टनांवर आले. गरज मात्र वाढतच गेली. परिणामी आयातीवरील अवलंबित्व सुमारे ८८ टक्क्यांपर्यंत पोहोचले. एकूण गरजेच्या आठव्या हिश्शाइतके तेल स्वस्त देऊन सर्व देशाचे डिझेल स्वस्त ठेवता येणार नाही. म्हणून देशी तेलाचा खरा लाभ हा भावाच्या नव्हे, तर महसुलाच्या, परकीय चलनाच्या बचतीच्या आणि सुरक्षिततेच्या रूपाने मिळतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

कच्च्या तेलावरील उपकर :
१९७४ च्या तेल उद्योग (विकास) अधिनियमानुसार देशी कच्च्या तेलावर उपकर आकारला जातो. देशातील तेल उद्योगाचा विकास हा त्याचा घोषित हेतू होता. २००६ मध्ये या उपकराचा दर टनास २,५०० रुपये झाला आणि २०१२ मध्ये ४,५०० रुपये. ठरावीक रकमेच्या या आकारणीत एक मोठा दोष होता. तेलाचा भाव निम्म्यावर आला तरी उपकर तेवढाच राही. २०१४ नंतर भाव कोसळल्यावर हा भार असह्य झाला आणि मार्च २०१६ पासून तो मूल्याच्या २० टक्के करण्यात आला. उपकरातून जमा झालेल्या रकमेचा अत्यल्प भागच तेल उद्योग विकास मंडळाकडे गेला. उर्वरित रक्कम केंद्राच्या सर्वसाधारण खर्चासाठी वापरली गेली.

येथे धोरणातील एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. आयात होणाऱ्या कच्च्या तेलावरील ५ टक्के मूळ सीमाशुल्क जून २०११ मध्ये शून्यावर आणण्यात आले. याउलट मुंबई हायसारख्या जुन्या, नामनिर्देशनाने दिलेल्या क्षेत्रातील तेलावर उपकर आणि स्वामित्वधन असा दुहेरी भार राहिला. १९९९ च्या नव्या परवाना धोरणाखालील व २०१६ च्या धोरणाखालील क्षेत्रांना हा उपकर लागू नाही. म्हणजे ज्या क्षेत्राने देशाला सर्वाधिक तेल दिले, त्याच थकलेल्या क्षेत्रावर कराचा भार सर्वाधिक आहे. जुन्या क्षेत्रातून उरलेले तेल काढणे अधिक खर्चिक असते. पाणी व वायू दाबून तेल वर आणावे लागते. अशा वेळी कर जितका जास्त, तितके लवकर विहिरी बंद करणे कंपनीस परवडते आणि भूगर्भातील तेल तसेच राहते. मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. तंत्रज्ञानाचा हा प्रयत्न स्वागतार्ह असला तरी करांची रचना त्याला पूरक असणे आवश्यक आहे.

भाव चढे असताना अतिरिक्त नफ्यावर कर घेणे मात्र तत्त्वतः समर्थनीय आहे. युक्रेन युद्धानंतर १ जुलै २०२२ पासून देशी कच्च्या तेलावर टनास २३,२५० रुपये, म्हणजे बॅरलमागे सुमारे ४० डॉलर, इतके विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क लावण्यात आले. दर पंधरवड्यास त्याचा फेरविचार होई आणि भाव उतरल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये ते रद्द करण्यात आले. भावासोबत बदलणारा कर हा ठरावीक उपकरापेक्षा अधिक न्याय्य असतो, हे यावरून दिसते. मात्र दर पंधरवड्यास बदलणाऱ्या कराच्या भरवशावर कोणतीही कंपनी वीस वर्षांची गुंतवणूक ठरवू शकत नाही, ही त्याची दुसरी बाजू होय.

डिझेलवरील केंद्रीय कर :
२०१४ च्या मध्यास डिझेलवरील केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरमागे ३.५६ रुपये होते. कच्च्या तेलाचे भाव उतरत गेले तसतसे शुल्क वाढविण्यात आले आणि मे २०२० मध्ये ते ३१.८३ रुपयांवर पोहोचले. टाळेबंदीच्या काळात कच्चे तेल अत्यंत स्वस्त झाले होते, पण त्याचा लाभ बहुतांशी महसुलात परिवर्तित झाला. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मधील कपातीनंतर शुल्क १५.८० रुपये झाले, तर एप्रिल २०२५ मध्ये २ रुपयांच्या वाढीने १७.८० रुपये. या शेवटच्या वाढीच्या वेळी पंपावरील किंमत वाढविण्यात आली नाही.

एकूण आकड्यापेक्षा त्याची अंतर्गत रचना अधिक बोलकी आहे. एप्रिल २०२५ च्या १७.८० रुपयांपैकी मूळ उत्पादन शुल्क केवळ १.८० रुपये होते. उर्वरित १६ रुपयांत विशेष अतिरिक्त शुल्क १० रुपये, कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर ४ रुपये आणि रस्ते व पायाभूत सुविधा उपकर २ रुपये असे घटक होते. अनुच्छेद २७० नुसार उपकर आणि अधिभार राज्यांशी वाटून घ्यावयाच्या विभाज्य निधीत येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य निधीतील ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरविला. या हिशेबाने १७.८० रुपयांपैकी सर्व राज्यांना मिळून सुमारे ७४ पैसे आणि महाराष्ट्राच्या वाट्याला पाच पैशांहूनही कमी येतात.

नेर तालुक्यातील एखादा ट्रॅक्टरधारक शेतकरी वर्षाला ५०० लिटर डिझेल वापरतो, असे उदाहरणादाखल मानू. वरील दराने तो ८,९०० रुपये केंद्रीय कर भरतो. त्यातील ९०० रुपयेच वाटपास पात्र ठरतात, ८,००० रुपये नाहीत. विशेष म्हणजे याच रकमेत कृषी पायाभूत सुविधांसाठीचे २,००० रुपये आहेत. शेतीच्या विकासासाठीचा उपकर येथे शेतकरीच भरतो.

केंद्राच्या बाजूने काही मुद्दे मांडले जातात व ते दुर्लक्षणीय नाहीत. रस्ते निधीतून राज्यांनाही कामे मिळतात. संरक्षण, अन्नसुरक्षा आणि महासाथीसारख्या संकटांचा खर्च केंद्रालाच करावा लागतो. इंधनावरील करामुळे उधळपट्टीस व प्रदूषणास आळा बसतो, असेही म्हटले जाते. हा शेवटचा मुद्दा महानगरातील मोटारींना लागू पडेल. जेथे ट्रॅक्टर आणि एसटीला सहज पर्याय नाही, तेथे करामुळे वापर फारसा घटत नाही, केवळ खर्च वाढतो.

राज्याचा कर आणि वस्तू व सेवा कराचा प्रश्न :
महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर लागू झाला. तो उत्पादन शुल्कासह असलेल्या किमतीवर आकारला जातो, म्हणजे करावरही कर लागतो. २१ टक्के दराने, केंद्राचे शुल्क एक रुपयाने वाढून ते किमतीत उतरल्यास राज्याच्या करात आपोआप २१ पैशांची भर पडते. इंधनकरासाठी केवळ केंद्राला दोष देणे म्हणूनच एकांगी ठरते. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्याने दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लावला. तो दुष्काळग्रस्त शेतकऱ्याच्या डिझेललाही लागू होता. जुलै २०२२ मध्ये राज्याने डिझेलवरील करात ३ रुपयांची कपात केली. जुलै २०२४ मध्ये मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील डिझेलवरील दर २४ वरून २१ टक्के करण्यात आला. उर्वरित महाराष्ट्रात तो आधीच २१ टक्के असल्याने नेरसारख्या भागास या निर्णयाचा लाभ झाला नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, विमान इंधन व नैसर्गिक वायू त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. अनुच्छेद २७९अ नुसार ते समाविष्ट करण्याची तारीख परिषदेने सुचवावयाची आहे. सप्टेंबर २०२१ च्या लखनौ येथील बैठकीत हा विषय चर्चेस आला, पण ती वेळ आलेली नाही असे मत पडले. राज्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. विभाज्य निधीतून डिझेलचे पाच पैसेही मिळत नसतील, तर राज्य आपल्या हातातील मूल्यवर्धित कर सहजासहजी सोडणार नाही. केंद्राचे उपकर आणि राज्याची ताठर भूमिका या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

डिझेल या कराच्या कक्षेत आले तर जिनिंग कारखानदार आणि नोंदणीकृत वाहतूकदार यांना आदान कराची वजावट मिळू शकेल. शेतकऱ्याला मात्र अशी थेट वजावट मिळणार नाही, कारण तो या करासाठी नोंदणीकृत नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील कर १२ वरून ५ टक्के झाला, ही दिलासादायक बाब आहे. परंतु ट्रॅक्टर एकदाच घेतला जातो, डिझेल दर हंगामात लागते.

राखीव साठ्यांचा वापर :
‘तेलसाठा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक भूगर्भातील न काढलेले तेल, आणि दुसरा आणीबाणीसाठी साठवून ठेवलेले तेल. दुसऱ्या प्रकारात विशाखापट्टणम (१३.३ लाख टन), मंगळूर (१५ लाख टन) आणि पाडूर (२५ लाख टन) येथील भूमिगत गुहांची एकूण क्षमता ५३.३ लाख टन आहे. ती देशाच्या सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकी मानली गेली. एप्रिल-मे २०२० मध्ये भाव कोसळलेले असताना या गुहा भरून घेण्यात आल्या व सुमारे ५,००० कोटी रुपयांची बचत झाली, असे शासनाने सांगितले. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिका, जपान आदी देशांसोबत भारताने ५० लाख बॅरल तेल खुले करण्याची घोषणा केली. हे प्रमाण देशाच्या जेमतेम एका दिवसाच्या वापराइतके होते. यावरून साठ्याच्या आधारे भाव उतरविण्याची मर्यादा स्पष्ट होते. हा साठा पुरवठा खंडित झाल्यास ट्रॅक्टर, रुग्णवाहिका आणि मालवाहतूक चालू ठेवण्यासाठी आहे, महागाईवरील उतारा म्हणून नाही.

निष्कर्ष व उपाययोजना :
मुंबई हायमुळे डिझेल स्वस्त होईल ही अपेक्षा आजच्या परिस्थितीत वास्तवास धरून नाही. तथापि त्या तेलाच्या आणि त्यावरील करांच्या उत्पन्नाचा हिशेब मागणे सर्वस्वी न्याय्य आहे. या दृष्टीने पुढील उपाय विचारात घेता येतील.

१) डिझेल-पेट्रोलवरील विशेष शुल्क व उपकरांचा मोठा भाग टप्प्याटप्प्याने मूळ उत्पादन शुल्कात विलीन करावा, म्हणजे तो राज्यांशी वाटला जाईल. त्याबदल्यात राज्यांनी मूल्यवर्धित कराचा दर कमी करावा.
२) जुन्या तेलक्षेत्रांवरील उपकर भावाशी निगडित, सौम्य आणि दीर्घकाळ स्थिर असावा व त्याचा निश्चित हिस्सा तेलक्षेत्रांच्या पुनरुज्जीवनासाठीच वापरावा.
३) डिझेलवरील कृषी उपकरातून कोणत्या तालुक्यात किती गोदामे, शीतगृहे व बाजार सुविधा झाल्या, याचा तालुकानिहाय तपशील दरवर्षी प्रसिद्ध करावा.
४) अल्पभूधारकांना मशागतीच्या डिझेलवरील कराचा परतावा थेट बँक खात्यात एकरी ठरावीक रकमेने द्यावा, कारण आदान कराच्या वजावटीचा मार्ग त्यांना उपलब्ध नाही.
५) राखीव साठ्याचा वापर केवळ पुरवठ्याच्या आणीबाणीसाठी करावा आणि स्वस्ताईच्या काळात तो भरून घ्यावा.

समुद्रातील तेल सर्व देशाचे आहे, हे तत्त्व नेरच्या शेतकऱ्याने नाकारण्याचे कारण नाही. मात्र सर्वांच्या संपत्तीत आपलाही वाटा आहे आणि आपण भरलेल्या कराचा हिशेब आपल्याला मिळाला पाहिजे, ही त्याची अपेक्षा संघराज्याच्या मूळ कल्पनेशी सुसंगत आहे. ती पूर्ण होईपर्यंत करांविषयीची चर्चा पंपावरील आकड्यापुरतीच मर्यादित राहील आणि त्या आकड्यामागील वाटपाचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहील.